रस्त्यापलीकडून वाचता यावे म्हणून

मित्रांनो, त्या शनिवारी माझ्या अंगावर नेहमीसारखेच आकडे लिहिले गेले. दुपार कलली होती. ऊन चर्चच्या पायरीपर्यंत आले होते, समोरच्या बेकरीतून ताज्या पावाचा वास येत होता, आणि बाई कुरकुरत स्टुलावर चढल्या. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. चढण्याआधी बाईंनी त्याखाली जुन्या चपलेचा तुकडा सरकवला होता. वर चढून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पडले तर निधीतून छदाम मिळणार नाही हं. खजिनदाराचा पाय मोडणं आपल्या नियमात बसत नाही."

त्यांनी डावीकडे 'जमा' लिहिले, उजवीकडे 'खर्च'. खाली शिल्लक लिहिली, पण एक नव्हे, दोन. एक 'छपरासाठी दिलेले' आणि दुसरी 'मोकळे'. छपरापुढचा आकडा लठ्ठ होता. मोकळ्यापुढचा अगदी रोडका होता. तो लिहिताना बाईंचा हात अडखळला नाही.

मग त्यांनी मान वळवून रस्त्यापलीकडे हाक मारली, "ए घारे, दिसतंय का?"

त्यांची लेक दोन दिवसांसाठी परगावाहून आली होती. बेकरीच्या पायरीजवळ ती कानाला फोन लावून उभी होती. लहानपणी येणाऱ्या बसचा नंबर ती थांब्यावरच्या सगळ्यांच्या आधी वाचायची, म्हणून बाईंनी तिचे नाव घार ठेवले होते. आता घारीच्या केसांत पांढरे डोकावू लागले होते, पण नाव तेच राहिले होते.

तिने फोन न काढताच मान वर केली. "नाही दिसत!"

"कुठलं? वरचं का खालचं?"

"काहीच नाही!"

बाईंनी ओले फडके उचलले. त्यांचा उजवा खांदा दुखत होता; हात वर नेताना त्यांनी ओठ दाबले ते मला दिसले. त्यांनी सगळे पुसले आणि पुन्हा लिहिले, आधीपेक्षा मोठे, आधीपेक्षा ठळक. "तुला कधीच दिसत नाही, कार्टे," त्या इतक्या हळू म्हणाल्या की ते माझ्याशिवाय कुणी ऐकले नाही. आणि हसल्या.

खाली उतरून त्यांनी खडूचा उरलेला तुकडा माझ्या अंगावरच्या भोकात खोचून ठेवला. लेक फोन बंद करून रस्ता ओलांडून आली होती. तिने हात पुढे केला. बाईंनी आधी दोन्ही तळवे एकमेकांवर आपटले, मला झटकून टाकले, आणि मग तिचा हात धरला.

मित्रांनो, हे असे आयुष्यभर चालत आले होते. माझी धूळ झटकली जायची आणि तिचा हात धरला जायचा. तरी दर वेळी माझ्या लाकडातून एक बारीक कळ जायची.

मंगळवारी सकाळी, घरी चहा गाळता गाळता, बाई गेल्या.

आता माझी ओळख करून देतो. या चर्चच्या मोठ्या दाराशेजारी, रस्त्याकडे तोंड करून टांगलेला फळा तो मी. पण जन्माने मी फळा नव्हेच. मी आतल्या खोलीचे दार होतो. उपासनेनंतर दानाची पेटी ज्या खोलीत नेत, ज्या खोलीत तीन-चार मोठी माणसे बसून पैसे मोजत, तिचे दार. चांगले जाड, कुरकुर न करणारे, कुलपाचे दार. आतला आवाज मी बाहेर जाऊ देत नसे आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या खोलीत कुणी पैसे खाल्ले नव्हते. हे मी सांगतो, आणि माझ्याइतके ते कुणालाच ठाऊक नाही. पण दार बंद होते, एवढे लोकांना पुरे झाले. मंडळीत कुजबूज सुरू झाली. कुणाच्या तरी घरी नवे कपाट आले, कुणीतरी भुवई उंचावली. चर्चचा एक मदत निधी होता. आजाऱ्याला औषध, मुलांची फी, काम सुटलेल्याचे घरभाडे, असा त्याचा खर्च. मागणारा उपासनेला येतो की नाही, हे विचारायचे नाही असा नियम. तो निधी कुजबुजीने वाळत गेला. आधी पाकिटे पातळ झाली, मग यायचीच थांबली.

तेव्हा बाई तरुण होत्या. वीजबिलाच्या कचेरीत खिडकीवर बसत. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत खजिनदार व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा त्या मागच्या बाकावरून उठून म्हणाल्या, "मी करीन. पण त्या खोलीचं दार काढा."

"दार काढा म्हणजे?" पाळकसाहेबांनी विचारले. "वारा येईल ना आत."

"येऊ द्या की. वाऱ्याला काय, तो मोजून घेत नाही काही."

बाक हसले. आठवड्याभरात सुतारमामांनी मला बिजागऱ्यांवरून उतरवले आणि विचारले, "आता हे धूड ठेवू कुठे?" बाई म्हणाल्या, "काळा रंग द्या आणि बाहेर लावा." सुतारमामांनी भुशात सरस कालवून माझे कुलपाचे भोक बुजवले, मला आडवे केले, काळे केले आणि रस्त्यावर टांगले. मला रडू आले होते. आतल्या दाराला रस्ता म्हणजे काय ते ठाऊक नसते. धूळ, हॉर्न, कुत्री, कुणीही यावे आणि अंगावर नजर टाकावी.

पण पहिल्याच शनिवारी बाई आल्या, त्यांनी तळहात माझ्यावर सपाट ठेवला, रंग वाळला का ते पाहायला. तो हात कोमट होता आणि त्याला शाईचा वास होता. त्या क्षणापासून माझे जे काही झाले ते झाले.

बाईंचा हट्ट एकच होता. आकडे रस्त्यापलीकडून वाचता आले पाहिजेत. चर्चमध्ये जे येतात त्यांना आत सांगता येते. जे येत नाहीत त्यांनाही कळले पाहिजे, कारण औषध त्यांनाही मिळते आणि नाणे त्यांच्याकडूनही येते. पंच म्हणत, आत एक कागद चिकटवला तरी चालेल. बाई म्हणत, "दिवसभर मी काचेआड बसते. भोकातून पैसे घ्यायचे, भोकातून पावती द्यायची. लोक माझ्याशी वाकून बोलतात. देवाच्या दारात तरी मला काच नको."

आणि दोन शिलकांची त्यांची रीत. कुणी 'हे छपरासाठी' म्हणून दिले, तर ते छपराचेच. त्याने औषध आणायचे नाही, छप्पर गळत नसले आणि कुणी मरायला टेकला असला तरी. काहीही न सांगता दिलेले ते मोकळे. निधीची तब्येत मोकळ्यावरून ओळखायची, असे त्या म्हणत. दोन्ही एकत्र केले की माणूस धष्टपुष्ट दिसतो. कपडे उतरवले की बरगड्या दिसतात.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. बसची वाट पाहणारे लोक मला वाचत. मुले माझ्यावर बेरजा शिकली. बेकरीवाले काका गल्ल्याशेजारी निधीची बरणी ठेवू लागले. एकदा मोकळ्यापुढे नुसते शून्य होते. एक टॅक्सीवाला रस्त्यातच गाडी थांबवून उतरला, मला वाचले, मागच्या गाड्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि खिशातले सगळे बाईंच्या हातात कोंबले. पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. या वेळी गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकाला काचेतून बोट दाखवून म्हणाला, "तो खालचा आकडा बघा साहेब. त्यात मी पण आहे." शून्य लिहिल्याने कुणाची अब्रू गेली नाही. शून्य वाचून लोक खिशाकडे हात नेत.

पण हे सगळे सुख अर्धे होते, कारण बाई एकट्या येत नसत.

बरोबर एक पोर असे. दोन वेण्या, गुडघ्यावर खपली, तोंड फुगलेले. वडील लांबच्या नोकरीवर, महिन्याकाठी येणारे. त्यामुळे आई जाईल तिथे पोरगी. आठवडाभर बाई खिडकीवर. शनिवारी अर्धा दिवस मोकळा, तो माझा. पोरीला वाटे तो तिचा. मला वाटे, तो सोडून उरलेला सगळा आठवडा तिचाच तर असतो. रात्री तिच्या उशाशी कोण बसते? तिच्या वेण्या कोण घालते? माझ्या वाट्याला एक ओले फडके आणि बोटभर खडू.

बाई तिला रस्त्यापलीकडे उभे करत. "जा, बघ बरं. दिसतंय का?"

आणि ती, जिला बसचा नंबर कोपऱ्यावरून वाचता येई, ती तिथून बोंब मारी, "नाही दिसत!"

बाई पुसत, पुन्हा लिहीत. तिला वाटे, यात ती मला हरवते आहे. वेडी! तिच्या त्या एका खोटेपणामुळे मला बाईंचा हात दोनदा मिळे. मी मनात म्हणे, बोल, अजून एकदा बोल, नाही दिसत म्हण. पण बाई जेव्हा तिच्याकडे वळून पाहत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटे, ते माझ्याकडे पाहताना कधी उमटले नाही. आकडा दोनदा लिहिला तरी नाही.

एका शनिवारी तिचा वाढदिवस होता. बाईंचा हिशेब जुळेना. कुणीतरी पाकिटावर 'छपरासाठी' लिहिले होते आणि ते मोकळ्यात पडले होते. ते शोधण्यात दिवेलागण झाली. बाई आत असताना पोरीने स्टूल ओढले, त्यावर चढली, आणि 'मोकळे' या ओळीच्या खाली, आईच्या अक्षरासारखे अक्षर काढून लिहिले, 'आई – ०'.

दुसऱ्या दिवशी उपासनेला येणाऱ्या सगळ्या मंडळीने ते वाचले. कुणी हसले, कुणी चुकचुकले. पाळकसाहेब घाईने फडके घेऊन आले. बाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या."

"अहो, पण लोक काय म्हणतील? लहान पोरगी आहे, रागानं लिहिलंय."

"खोटं असतं तर पुसलं असतं," बाई म्हणाल्या. "फळ्यावर खरं ते राहतं."

पुढच्या शनिवारपर्यंत ती ओळ माझ्यावर तशीच होती. सगळा आठवडा बाई कामावर जाताना आणि येताना तिच्यासमोर थांबून जात. मित्रांनो, माझ्या आयुष्यात इतका जळलो नाही मी कधी. माझ्यावर बाईंनी हजारो आकडे लिहिले, त्यातल्या एकासमोरही त्या अशा थांबल्या नव्हत्या.

पोरीलाही त्यातून समाधान मिळाले नसावे. त्याच आठवड्यात तिने केसांतल्या पिनेने माझ्या कुलपाचे भोक कोरून काढले. सरस आणि भुसा पायरीवर सांडला. बाईंनी ते पाहिले, खिशातला खडूचा तुकडा त्या भोकात घालून पाहिला. नेमका बसला. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "खडू ठेवायला जागा नव्हती." तेव्हापासून माझ्या अंगावरची ती जखम खडूची जागा झाली. पोरीने जे तोडले तेही आईने माझ्या उपयोगाला लावले, याचा राग तिला आला असेल. पोरीने जे तोडले ते आईने जपले, याचा मला आला.

मुले मोठी होतात, फळा होत नाही. ती शिकायला गेली, नोकरीला लागली, परगावी राहू लागली. वडील गेले तेव्हा आली, पुन्हा गेली. आई निवृत्त झाली तेव्हा म्हणाली, "आता तरी माझ्याकडे चल." बाई म्हणाल्या, "आणि शनिवारी काय करू तिथे?" तिने नुसते माझ्याकडे पाहिले.  आम्ही दोघे एकमेकांना चांगले ओळखत होतो. पण जेव्हा जेव्हा यायची, तेव्हा रस्त्यापलीकडे उभी राहायची, आणि बाई विचारायच्या, आणि ती तेच म्हणायची. आता रागाने नाही, सवयीने. दोघींचा तो एक खेळ होऊन बसला होता. त्या खेळात मी नुसता पट होतो.

शेवटच्या काही वर्षांत मला आणखी एक वैरी मिळाला. पंचांचे नवे प्रमुख आले. निवृत्त विमा अधिकारी, माणूस प्रेमळ, शर्टाची इस्त्री अशी की बाईंनी त्यांना पाठीमागे इस्त्रीसाहेब नाव ठेवले होते. त्यांनी माझ्या शेजारी एक काचेची पेटी बसवली. पितळी कडी, कुलूप, आत पिवळा दिवा. आत रंगीत छापील कागद, हसऱ्या मुलांचे फोटो, आणि खाली एकच मोठा आकडा: एकूण शिल्लक.

दिवा लागला की माझ्यावर तिचा उजेड तिरका पडायचा आणि माझे ओरखडे दिसायचे. माझ्यासाठी कुणी कधी दिवा लावला नव्हता.

"साहेब, यात छपराचे पण धरलेत तुम्ही," बाई म्हणाल्या होत्या.

"बाई, बेरीज चूक आहे का?"

"बेरीज बरोबर आहे. अर्थ चूक आहे."

"लोकांना उत्साह वाटला पाहिजे हो. आपली फाटकी बाजू रस्त्यावर कशाला मांडायची? कुणी आजाऱ्याचा चार्ट त्याच्या दाराबाहेर लावतं का?"

"डॉक्टरला तरी दाखवतात ना?" बाई म्हणाल्या. "आपला डॉक्टर रस्त्यावरूनच जातो. कधी टॅक्सीतून, कधी बसमधून."

साहेब हसले, बाईही हसल्या, आणि दोघांनी आपापले तेच ठेवले. बाई होत्या तोवर लोक मला वाचत. काचेतले फोटो बघत, आणि आकडा माझा वाचत.

मंगळवारनंतर कुणी मला वाचायला येईना, आणि कुणी पुसायलाही. त्या शनिवारचे आकडे तसेच राहिले. येणारे-जाणारे थोडे थांबत, बाईंच्या अक्षराला हात न लावता हात लावल्यासारखे करत, आणि आकडा मात्र काचेतून घेऊन पुढे जात.

मला काय हवे होते ते सांगतो, लपवत नाही. मला ते अक्षर हवे होते. कायमचे. ते शेवटचे होते आणि माझ्यावर होते, लेकीवर नव्हते. पहिल्यांदाच माझ्याकडे असे काही होते जे तिच्याकडे नव्हते. छपराची वळचण माझ्यावर सावली धरून होती. वारा आला की मी अंग चोरायचो.

पण दर आठवड्याला ते आकडे थोडे थोडे शिळे होत गेले. बाईंनी लिहिले तेव्हा मोकळ्यात रोडके का होईना, काहीतरी होते. आता औषधांचा खर्च चालूच होता आणि येणे आटले होते. एकदा बेकरीवाले काका रस्ता ओलांडून आले. काचेतला आकडा वाचून साहेबांना म्हणाले, "अहो, तुमच्याकडे तर रग्गड आहे की! मी उगीच बरणी ठेवून बसलोय. त्यात आता बिस्किटं ठेवतो." साहेबांचा चेहरा उतरला. काय सांगणार? छपराचे आहे, हात लावता येत नाही, हे काचेत लिहिलेले नव्हते.

मग नर्सबाई आल्या. निधीच्या औषधांचे घरोघरी वाटप त्याच करत. त्या पायरीवरच उभ्या राहिल्या. "साहेब, निधीतून चाललेल्या ड्रायव्हरकाकांच्या डायलिसिसचं या महिन्यानंतर काय? सांगू का त्यांना, की बघा दुसरीकडे?"

"जरा थांबा. काही येईल."

"मी थांबीन हो. त्यांची किडनी नाही थांबणार."

अशा एका शनिवारी लेक आली. आईच्या वस्तू न्यायला म्हणून आली होती. आतल्या बिनदाराच्या खोलीत बाईंचा एप्रन होता, चष्मा होता, खडूचा डबा होता. डबा उघडला तर त्यात तळाशी तिच्याच लहानपणीची केसांची पिन निघाली. टोक वाकलेले. ती बराच वेळ ती पिन बोटांत फिरवत माझ्यासमोर उभी राहिली. तिला माझे ते भोक दिसत होते, त्यात खोचलेला खडूही.

साहेब तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "तुमच्या आईशिवाय आमचं काही खरं नाही, ताई," ते म्हणाले, आणि ते मनापासून होते. "आम्ही एक ठरवलंय. फळा उतरवायचा. लिहायला कुणी नाही, आणि पेटी आहेच. तुम्ही घेऊन जा घरी. हे अक्षर राहावं म्हणून वर काच बसवून देतो. आठवण म्हणून. रिकाम्या भिंतीवर छान दिसेल."

 तिने नुसती मान हलवली, हो अशी. माझ्या डोळ्यांसमोर, म्हणजे ज्याला तुम्ही डोळे म्हणाल त्यासमोर, तिच्या घराची भिंत उभी राहिली. आत, बंद खोलीत, काचेआड. तिथे मी तिचा होणार. पण अक्षर माझ्यावर राहणार, ती मला पुसू शकणार नाही. आम्हा दोघांनाही जे हवे होते ते मिळत होते. इतकी वर्षे ज्या बाईंसाठी भांडलो, त्यांना आम्ही दोघे मिळून काचेत घालणार होतो.

त्याच वेळी बेकरीवाले काका हात पुसत आले. "ताई, कधी आलात? काय बोलायचं आता..." आणि मग, ओशाळून, "एक विचारू का? रागावू नका. इथे आईंनी मोकळे म्हणून हे लिहिलंय, आणि तिथे काचेत ते. मी कधीचा बघतोय. खरं कुठलं?"

लेक वळली. तिने काच वाचली. मग मला वाचले. मग साहेबांकडे पाहिले.

"साहेब, यातलं मोकळं किती?"

"ते... सगळं मिळून—"

"सगळं मिळून नको. छपराचं सोडून. आज किती आहे?"

साहेबांनी इस्त्रीच्या कॉलरमधून मान फिरवली. मग त्यांनी आकडा सांगितला. तो त्यांना तोंडपाठ होता. बरेच दिवस तो त्यांच्याबरोबर झोपत-उठत असावा. बेकरीवाले काका म्हणाले, "बस? एवढंच?"  रस्त्यावरून एक बस गेली.

"म्हणजे दोन्ही चूक," लेक म्हणाली. "काचेतलं पण. आणि हे पण."

'हे' म्हणजे मी. माझ्यावरचे अक्षर.

"आईचं जुनं आहे फक्त," साहेब घाईने म्हणाले. "चूक नाही म्हणायचं, ताई. जुनं. राहू द्या ते. शेवटचं आहे."

ती माझ्याजवळ आली. इतक्या जवळ ती त्या पिनेच्या दिवसानंतर कधी आली नव्हती. तिने तळहात उचलला आणि 'मोकळे' शब्दावर, खडूला स्पर्श होणार नाही इतक्या अंतरावर धरला. तिचा हात कोमट होता. मला त्या हाताची ओळख पटली आणि माझा सगळा मत्सर एकदम अंगावर आला. नको, मी म्हणत होतो. एवढे तरी माझ्याकडे राहू दे. तुला बाईंच्या हातच्या वेण्या मिळाल्या, त्यांचा हात मिळाला, उरलेल्या सहाही दिवसांच्या त्यांच्या संध्याकाळी मिळाल्या. मला एवढेच मिळाले आहे.

तिचेही ओठ हलत होते. कदाचित तीही तेच म्हणत होती. तिलाही एवढेच मिळाले होते.

"खोटं असतं तर पुसलं असतं," ती हळूच म्हणाली. मग जरा मोठ्याने, साहेबांना नव्हे, स्वतःलाच, "आता खोटं झालंय ना हे."

तिने एप्रन घातला. फडके भिजवले. चपलेचा तुकडा स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवला; कुणी सांगितले नव्हते, तिला माहीत होते. आणि तिने पुसले. वरून खाली. जमा गेले, खर्च गेला, छप्पर गेले. 'मोकळे'पाशी ती थांबली, श्वास घेतला, आणि तेही पुसले. खडूचे पांढरे पाणी माझ्यावरून ओघळत खाली, पायरीवर गेले.

मित्रांनो, मी आयुष्यभर कित्येकदा पुसला गेलो, पण असा रिकामा कधी झालो नव्हतो.

भोकातला तुकडा तिने बाहेर काढला. तोच, बाईंनी शेवटचा खोचलेला. त्याने तिने लिहिले. जमा, खर्च, छपरासाठी दिलेले. मग 'मोकळे', आणि त्यापुढे तो केविलवाणा आकडा, ठळक. खाली तिने एक नवी ओळ घातली, जी बाईंनी कधी घातली नव्हती: 'औषधे या महिन्यापुरती.' तिचे अक्षर बाईंसारखे नव्हते. जरा उजवीकडे कललेले होते. पण दाब तोच होता. माझ्या लाकडाला दाब कळतो.

बेकरीवाले काका डोके खाजवत म्हणाले, "बिस्किटं काढावी लागणार बरणीतून." आणि रस्ता ओलांडून गेले. साहेब खिशातून पेटीची किल्ली काढून बघत राहिले, मग त्यांनी काचेचे दार उघडले, छापील कागदाच्या एकूण आकड्यावर आडवी रेघ मारली, आणि खाली लिहिले, 'शेजारचा फळा पाहा'.

माझी म्हातारपणी एक विनंती आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुठे ना कुठे दान द्याल. चर्चला, शाळेला, कुणाच्या इलाजाला. देताना मोठ्या आकड्यावर भाळू नका, यातले मोकळे किती, एवढे विचारा. विचारण्यात अपमान नाही. ज्यांना सांगायला आवडते त्यांना विचारलेले आवडतेच, आणि ज्यांना आवडत नाही त्यांना तर विचारलेच पाहिजे. आणि दारात माझ्यासारखा फळा टांगलेला असेल, तर त्याला वर्षाला एक हात काळ्या रंगाचा द्या, आणि शनिवारी दहा-वीस मिनिटे द्या. जुने अक्षर कितीही लाडके असले तरी ते पुसून आजचे लिहा. मला हे शिकायला फार उशीर लागला. मत्सराने माणूसच नाही, लाकूडही आंधळे होते.

लेक खाली उतरली. खडूचा तुकडा आता नखाएवढा राहिला होता. तो तिने भोकात ठेवला. तळवे एकमेकांवर आपटले. मग एकटीच रस्ता ओलांडून बेकरीच्या पायरीशी जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे वळली.

इकडे माझ्याशेजारी साहेब उभे होते, बोटांना शाई लागलेली, शर्ट चुरगळलेला. विचारायचे कुणी हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनीच घसा साफ केला आणि ओरडून विचारले, "ताई, दिसतंय का हो?"

 मधून दोन गाड्या गेल्या. मी वाट पाहत होतो. मित्रांनो, मनातून मी 'नाही दिसत'ची वाट पाहत होतो, म्हणजे बाई अजून आहेत असे झाले असते.

तिने साहेबांकडे पाहिले नाही. स्टुलाकडे पाहिले, जिथे आता कुणी उभे नव्हते.

"दिसतंय," ती म्हणाली. आणि मग सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "दिसतंय, आई. पहिल्यापासून दिसत होतं."